औद्योगिक नियंत्रकाचा प्रोसेसर-बदल आणि गळीत हंगामाचा कालक्रम : नांदेड–लातूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठीतील औद्योगिक इतिहासलेखनात कारखाना कोणी व केव्हा उभारला, भागभांडवल किती जमले आणि पुढे तो कोणत्या कारणाने बंद पडला, याची माहिती बहुधा मिळते. चालू कारखान्याच्या पोटात काय काय बदलत गेले, याची मात्र क्वचितच मिळते. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालात एकूण गाळप, साखर उतारा आणि गाळप बंद राहिलेले तास यांचे तक्ते असतात. ऊस नसल्याने किती तास गेले, यांत्रिक बिघाडाने किती, विजेच्या बिघाडाने किती, हे सर्व त्यात नोंदलेले असते. परंतु नियंत्रण-पॅनेलमधील जुना प्रोसेसर काढून नवा बसविला गेला, तर ती घटना बहुतेक वेळा ‘यंत्रसामग्रीचे आधुनिकीकरण’ या एका शब्दसमूहात मावून जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय हीच दुर्लक्षित घटना आहे. औद्योगिक नियंत्रकाचा प्रोसेसर उत्पादनात कमीत कमी खंड पाडून कसा बदलावा, हा प्रश्न सामान्यतः तंत्रज्ञानाचा समजला जातो. नांदेड–लातूर परिसरातील प्रमुख प्रक्रिया उद्योगाचा, म्हणजे साखर उद्योगाचा, विचार केला असता असे दिसते की, हा खंड किती लांब असावा हे ठरविण्यात तंत्रज्ञानाइतकाच वाटा पंचांगाचा, पर्जन्याचा आणि दफ्तराचाही आहे. या परिसरात कारखान्याला दरवर्षी आपोआप एक दीर्घ विश्रांती मिळत असे. ती कशी आक्रसत गेली आणि दुष्काळाच्या वर्षी ती परत मिळाली तेव्हा तिचा उपयोग करणे का कठीण झाले, हा या लेखाचा गाभा आहे.

नियंत्रकाचा जन्म खंड टाळण्यासाठीच

आज ‘पीएलसी’ या आद्याक्षरांनी सर्वत्र ओळखला जाणारा प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर अमेरिकेत जन्मला. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागात मोटारींचे गिअरबॉक्स तयार होत. तेथील यंत्रांचे नियंत्रण शेकडो रिले आणि त्यांच्यामधील तारांच्या जाळ्यावर चाले. मोटारीचे नवे मॉडेल आले की ते जाळे उसवून पुन्हा विणावे लागे व तोपर्यंत उत्पादनाची रांग थांबे. १९६८ मध्ये या विभागाने तारांऐवजी प्रोग्रॅम बदलून काम भागेल अशा इलेक्ट्रॉनिक उपकरणाची मागणी केली. डिक मॉर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांच्या बेडफर्ड असोसिएट्स या संस्थेने ती पूर्ण केली. संस्थेचा हा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प असल्याने उपकरणाला ‘०८४’ हे नाव मिळाले आणि ते बनविण्यासाठी स्थापन झालेली कंपनी ‘मॉडिकॉन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९६९ मध्ये हे नियंत्रक प्रत्यक्ष कामाला लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या उपकरणामागची मूळ प्रेरणा वेग ही नव्हती, तर थांबा कमी करणे ही होती. त्याची भाषाही त्याच विचाराने ठरली. कारखान्यातील वीजतंत्र्याला रिलेचे आकृतिबंध वाचता येत होते, म्हणून प्रोग्रॅम शिडीसारख्या दिसणाऱ्या त्याच आकृतीत लिहिण्याची सोय करण्यात आली. बिघाड झाल्यास बाहेरून तज्ज्ञ येण्याची वाट पाहावी लागू नये, हा त्यातील व्यवहार. थांबा कमी करण्यासाठी जन्मलेले हे उपकरण स्वतः जुने झाल्यावर मात्र थांब्याचेच कारण ठरू लागले. १९७९ मध्ये सीमेन्सची ‘सिमॅटिक एस-५’ मालिका आली, नव्वदच्या दशकाच्या मध्यास तिची जागा ‘एस-७’ ने घेतली. अ‍ॅलन-ब्रॅडलीच्या ‘पीएलसी-५’ या मालिकेचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले. बॉयलर, गिरणीचे रोलर, टर्बाईन ही यंत्रे डागडुजी करीत कैक दशके चालतात, पण त्यांच्यावर हुकूम चालविणारा प्रोसेसर त्याआधीच बाजारातून नाहीसा होतो. यंत्राचे आयुष्य आणि त्याच्या मेंदूचे आयुष्य यांत पडलेले हे अंतर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक नवीनच वस्तुस्थिती आहे.

गळीत हंगाम आणि बंद हंगाम

लातूर जिल्ह्यातील मांजरा, विकास आणि रेणा, तसेच नांदेड जिल्ह्यातील भाऊराव चव्हाण ही सहकारी साखर कारखान्यांची नावे या परिसरातील वाचकांस परिचित आहेत. १९९८ मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाल्यानंतर खासगी कारखान्यांची त्यात भर पडत गेली. मालकी कोणतीही असो, या सर्वांचे वर्ष दोन भागांत विभागलेले असे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बॉयलरचे अग्निप्रदीपन होऊन गव्हाणीत मोळी टाकली जाते. तेथून मार्च-एप्रिलपर्यंत गळीत हंगाम चालतो. उरलेला काळ हा बंद हंगाम, ज्याला कारखान्यात सर्रास ‘ऑफ सीझन’ म्हटले जाते. या काळात गिरण्या खोलल्या जातात, रोलर काढून त्यांची दुरुस्ती होते, बाष्पक-पात्रांच्या नळ्या घासल्या जातात.

या विश्रांतीला कायद्याचाही आधार होता. १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्यान्वये बॉयलर ठराविक मुदतीने थंड करून निरीक्षकापुढे तपासणीस ठेवावा लागे. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली असली तरी तपासणीचे तत्त्व कायम आहे. निसर्ग, शेती व कायदा या तिघांनी मिळून दिलेला असा सहा महिन्यांचा खंड मोटार किंवा औषधनिर्मितीच्या कारखान्याला स्वप्नातही मिळत नाही. प्रोसेसर-बदलाविषयीच्या तांत्रिक लेखनात एकेका मिनिटाचा हिशेब असतो. तो वाचून बंद हंगामाची सवय असलेल्या आपल्याकडील अभियंत्याला थोडे हसू येणे स्वाभाविक होते.

हंगामात मात्र चित्र पूर्णतः पालटते. तोडलेल्या उसातील साखर उलटू लागते, वजन घटते, त्यामुळे तोडणीनंतर साधारण चोवीस तासांच्या आत गाळप व्हावे अशी अपेक्षा असते. गाळप काही तास जरी थांबले तरी गाडीतळावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते. वाळणाऱ्या उसाचा तोटा शेतकऱ्याच्या वजनकाट्यावर पडतो. तोडणी मजुरांच्या ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, मजुरी टनावर मिळते. चिटबॉयने तोड थांबविण्यास सांगितले की त्या दिवसाची कमाई बुडते, डोक्यावरची उचल मात्र तशीच राहते. नियंत्रण-कक्षातील बंद तासाची किंमत मोजताना ही बाजू तांत्रिक अहवालात येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ती तेथे यावयास हवी.

हंगामाच्या आतही लहान खिडक्या असतात, त्यांचीही नोंद येथे घेतली पाहिजे. रसातील क्षारांचा थर बाष्पक-पात्रांच्या नळ्यांवर बसतो, म्हणून काही आठवड्यांच्या गाळपानंतर साफसफाईसाठी कारखाना थांबवावा लागतो. अवकाळी पाऊस झाला की शेतातून ऊस निघत नाही आणि ‘नो केन’ म्हणून गाळप बंद पडते. पहिली खिडकी तारीख ठरवून येते, दुसरी कोणास न विचारता. अनुभवी इन्स्ट्रुमेंट विभाग दोहोंसाठी कामाची यादी तयार ठेवतो. प्रोसेसर-बदलाचे मुख्य काम अशा खिडकीत उरकणे शक्य असते, मात्र त्याची सर्व पूर्वतयारी आधीच झालेली असावी लागते. ही तयारी म्हणजे काय, हे आता पाहू.

बदलाची रीत

नियंत्रक बदलणे म्हणजे एक खोके काढून दुसरे बसविणे, असा समज कारखान्याच्या संचालक मंडळातही आढळतो. वस्तुतः नियंत्रकाचे तीन भाग असतात. एक प्रोसेसर, ज्यात प्रोग्रॅम चालतो. दुसरा भाग म्हणजे इनपुट-आउटपुट कार्डे, जी मोटारी, झडपा व संवेदकांशी जोडलेली असतात. तिसरा भाग त्या कार्डांपासून कारखानाभर पसरलेल्या हजारो तारांचा. खर्च आणि वेळ यांचा मोठा वाटा या तिसऱ्या भागात दडलेला असतो. एकेक तार सोडवायची, तिला क्रमांक द्यायचा, नवीन टर्मिनलवर जोडायची आणि मग ती खरोखर त्याच झडपेकडे जाते काय हे तपासायचे, यात आठवडे जातात. म्हणून खंड कमी करण्याची पहिली युक्ती ही की, तारांना व जुन्या कार्डांना हातच लावायचा नाही. केवळ प्रोसेसर बदलायचा आणि नव्या प्रोसेसरने जुन्या कार्डांशी जुन्याच संपर्क-पद्धतीने बोलावे अशी दुभाषी व्यवस्था मध्ये ठेवायची. कार्डे पुढे सवडीने, एकेक खण करीत बदलता येतात.

या परिसरातील वाचकांस ही व्यवस्था अपरिचित वाटू नये. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज १९११ मध्ये लातूरला पोहोचली. तेव्हापासून लातूरचा माल आणि माणसे कुर्डुवाडीला उतरून ब्रॉडगेजच्या गाडीत चढत. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेच्या मीटरगेजमुळे नांदेडकरांच्या वाट्याला हीच उतरचढ मनमाडला येई. दोन भिन्न मापांच्या मध्ये उभे राहून माल इकडून तिकडे करणारे ठिकाण म्हणजे कुर्डुवाडी अथवा मनमाड. जुन्या कार्डांच्या आणि नव्या प्रोसेसरच्या मध्ये बसविलेले संपर्क-मॉड्यूलही हेच काम करते. त्याने बदल सोपा होतो, पण प्रत्येक फेरीला थोडा वेळ जातो आणि ही तात्पुरती सोय कायमची होऊन बसण्याचा धोका राहतो. रेल्वेच्या बाबतीत ती कैक दशके टिकली. लातूर–उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हा ब्रॉडगेज मार्ग २००७ मध्ये आणि त्यापुढील कुर्डुवाडीपर्यंतचा २००८ मध्ये सुरू झाला. त्या वेळी केवळ रुळांचे माप बदलले नाही, मार्गही बदलला. नॅरोगेज येडशीमार्गे जात असल्याने धाराशिव शहर तिच्याबाहेर राहिले होते, ते नव्या मार्गावर आले. मोठा खंड घेऊन केलेल्या बदलात जुनी चूक दुरुस्त करण्याची संधी असते. खंड न घेता केलेल्या बदलात जुना मार्ग जसाच्या तसा उचलावा लागतो. प्रोसेसर-बदलाच्या वेळी हा विवेक नेमका करावा लागतो. सुधारणा करण्याचा मोह आवरून आधी जुने वर्तन जसेच्या तसे नव्या यंत्रात आणणे आणि सुधारणा नंतरच्या बंद हंगामासाठी ठेवणे, हा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो.

जुने वर्तन जसेच्या तसे आणणे हे बोलण्याइतके सोपे मात्र नाही. ‘पीएलसी-५’ मध्ये इनपुट-आउटपुटचे क्रमांक अष्टमान पद्धतीने, म्हणजे सातनंतर एकदम दहा असे, मोजले जातात. तिच्यानंतरच्या मालिकेत ते दशमान पद्धतीने येतात. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर बहुतेक पत्ते बरोबर बदलते, पण जेथे जुन्या प्रोग्रॅमकाराने पत्त्याचेच गणित केलेले असते तेथे ते चुकू शकते. याहून सूक्ष्म अडचण काळाची आहे. जुना प्रोसेसर फेरीच्या आरंभी सर्व इनपुट वाचतो, प्रोग्रॅम पार पाडतो आणि शेवटी आउटपुट लिहितो. फेरी पूर्ण होईपर्यंत इनपुटची किंमत त्याच्या दृष्टीने स्थिर असते. काही नव्या प्रोसेसरांत इनपुट फेरीच्या मध्येच बदलू शकते. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीने झडप उघडी पाहिली आणि शंभराव्या ओळीने बंद, असे झाल्यास यंत्र विचित्र वागते आणि ते रोज वागत नाही, म्हणून दोष सापडत नाही. फेरीच्या आरंभी सर्व इनपुटची प्रत वेगळी साठवून तिच्यावरच प्रोग्रॅम चालविणे, हा त्यावरील उपाय. शिवाय नवा प्रोसेसर वेगवान असतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये फेऱ्या मोजून वेळ साधलेली असेल, तर ती वेळ आता आखडते. वेग वाढणे हा नेहमी लाभच असतो असे नाही, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

यानंतरची पायरी तालमीची. नव्या प्रोसेसरला इनपुटे दाखवायची, परंतु त्याचे आउटपुट यंत्रापर्यंत पोहोचू द्यायचे नाहीत. त्याने काय हुकूम दिला असता, हे जुन्याच्या हुकुमाशी पडताळून पाहायचे. जेथे दोघांत फरक पडेल, तेथे प्रोग्रॅम तपासायचा. अशी मूक साथ काही दिवस चालली, तर प्रत्यक्ष बदलाच्या क्षणी आश्चर्याला फारशी जागा उरत नाही. जेथे आरंभापासूनच दोन प्रोसेसर जोडीने बसविलेले असतात, तेथे काम आणखी सुलभ होते. राखीव प्रोसेसर आधी बदलायचा, सूत्रे त्याच्याकडे द्यायची, मग पहिला बदलायचा. अशी जोडव्यवस्था महाग असते आणि खरेदीच्या वेळी काटछाटीची कुऱ्हाड बहुधा प्रथम तिच्यावरच पडते.

कारखान्याच्या सर्व विभागांस एकच रीत लागू पडत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. सेंट्रिफ्युगल यंत्रांची ओळ घ्या. प्रत्येक यंत्र भरणे, फिरणे, धुणे आणि साखर खरवडून काढणे हे चक्र स्वतःपुरते पूर्ण करते. एका यंत्राचा नियंत्रक ऐन हंगामात बदलला तरी शेजारची यंत्रे चालू राहतात. रसाचा सामू राखणारी चुन्याची आणि गंधकाची मात्रा काही काळ अनुभवी कामगार हाताने सांभाळू शकतो. ऊस वाहून नेणारा कॅरियर थांबला तर गिरणी थांबते, पण धोका नसतो. बॉयलरचे तसे नाही. ड्रममधील पाण्याची पातळी पाण्याचा पुरवठा, वाफेची मागणी आणि प्रत्यक्ष पातळी या तिन्हींकडे एकाच वेळी पाहून राखावी लागते. पुरवठा खंडित झाल्यास हाती काही मिनिटेच असतात. म्हणून बॉयलरचा नियंत्रक चालू अवस्थेत बदलण्याचे धाडस कोणी शहाणा अभियंता करीत नाही. तेथे कमीत कमी खंड याचा अर्थ बॉयलर विझवून केलेला, पण आधी पूर्ण तालीम झालेला बदल, असाच घ्यावा लागतो. आणि कोणताही बदल असला तरी, जुना प्रोसेसर प्रोग्रॅमसह हाताशी ठेवून ठराविक तासांत नवे जमले नाही तर परत फिरायचे, ही वेळ कामाला हात घालण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवायची असते. पहाटे तीन वाजता, गाडीतळावर रांग लागलेली असताना, असा निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही.

विश्रांती कशी आक्रसली

सहा महिन्यांची ही विश्रांती हिरावून घेतली ती कारखान्याच्या प्रगतीनेच. २००२ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने बगॅसवर आधारित सहवीजनिर्मितीचे दर ठरविले आणि साखर कारखान्यास वीज विकणे फायद्याचे झाले. त्यासाठी जुने कमी दाबाचे बॉयलर पुरेसे नव्हते. पूर्वीच्या कारखान्यांत दर चौरस सेंटिमीटरला २१, ३२ किंवा ४५ किलो दाबाचे अनेक लहान बॉयलर ओळीने असत. त्यांपैकी एक बंद ठेवून उरलेल्यांवर कमी क्षमतेने का होईना, गाळप चालविता येई. सहवीज प्रकल्पात ६७, ८७ किंवा ११० किलो दाबाचा बहुधा एकच मोठा बॉयलर व त्याला जोडलेले टर्बाईन आले. कार्यक्षमता वाढली, इंधन वाचले, पण शेजारी उभा असणारा सोबती गेला. आता त्या एका बॉयलरचा नियंत्रक थांबला की गाळप आणि वीज दोन्ही थांबतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासात कार्यक्षमतेची किंमत अशी अनेकदा राखीव क्षमतेने चुकविली गेली आहे. ताळेबंदात मात्र ती दिसत नाही, कारण जी गोष्ट वापरली जात नव्हती ती गेल्याचे नुकसान कोठे लिहायचे?

साठविलेल्या बगॅसवर हंगामानंतरही काही काळ वीज करता येते. मळी साठवून ठेवता येत असल्याने आसवनी हंगामाबाहेर चालते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या कार्यक्रमाला २०१८ पासून व्याज-सवलतीची जोड मिळाली आणि आसवनींची क्षमता वेगाने वाढली. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारने निर्बंध आणले, पुढील वर्षी ते उठविले. धोरणाच्या अशा हेलकाव्यांतही दिशा एकच राहिली. कारखाना वर्षातील अधिकाधिक दिवस चालावा, ही ती दिशा. ज्या मिनिटांच्या हिशेबाचे आपल्याकडे हसू येत असे, तो हिशेब आता लातूर-नांदेडच्या नियंत्रण-कक्षातही शिरला आहे.

दुष्काळाची विश्रांती

या कथेला दुसरी, अधिक कटू बाजू आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली. धनेगावच्या मांजरा धरणात वापरता येईल असे पाणी उरले नव्हते. ज्या वर्षी पिण्यास पाणी नाही त्या वर्षी ऊस लावला जात नाही, त्याचा परिणाम पुढील हंगामावर होतो. २०१६–१७ मध्ये मराठवाड्यातील अनेक कारखान्यांचे गाळप एक तर सुरूच झाले नाही, किंवा थोड्या दिवसांत आटोपले.

नियंत्रक बदलण्यास याहून मोठी सवड कोणती? यंत्रे महिनोन्‌महिने स्तब्ध, कामगार हजर, वेळेचा तगादा नाही. परंतु गाळप नाही म्हणजे उत्पन्न नाही. मागील उसाचे पैसे, कर्जाचे हप्ते आणि पगार यांतच हात अडकलेले. ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाची रक्कम चौदा दिवसांत द्यावयाची असते, प्रोसेसरला तसा कोणी सावकार नसतो. याउलट ऊस मुबलक असलेल्या वर्षी पैसा असतो, पण तो ऊस संपविण्यासाठी हंगाम मे महिन्यापर्यंत लांबतो आणि सवड उरत नाही. सवड आणि पैसा एकाच वर्षी हाती येत नाहीत, हे या परिसरातील आधुनिकीकरणाच्या संथ गतीचे एक महत्त्वाचे कारण आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. व्यवस्थापनाची उदासीनता हे नेहमीचे स्पष्टीकरण पूर्णतः चुकीचे नाही, पण अपुरे निश्चितच आहे.

दीर्घ बंद काळ नियंत्रकाला स्वतःलाही मानवत नाही. जुन्या पिढीतील अनेक प्रोसेसरांचा प्रोग्रॅम बॅटरीच्या आधारावर टिकणाऱ्या स्मृतीत असतो. पॅनेलला वीजपुरवठा असेपर्यंत त्या बॅटरीवर भार पडत नाही. वीज तोडली की स्मृती जिवंत ठेवण्याचे सर्व काम तिच्याकडे येते. एका बंद हंगामात ती निभावून नेते, सलग दीड वर्षाच्या बंदमध्ये निभावेलच असे नाही. पावसाळ्यातील दमट हवा, बगॅसची धूळ आणि केबल कुरतडणारे उंदीर हे शत्रू निराळेच. दुष्काळानंतर मोळी टाकण्याच्या दिवशी पॅनेल सुरू करावे आणि प्रोसेसरची पाटी कोरी असल्याचे आढळावे, हा प्रसंग तांत्रिकदृष्ट्या पूर्णपणे शक्य असतो. मग जो बदल योजनापूर्वक करता आला असता, तोच ऊस गाडीतळावर उभा असताना करावा लागतो.

प्रोग्रॅम हे दफ्तर

आपल्याकडील संग्रहांत मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. कागद शाबूत, शाईही बरी, परंतु वाचणारे थोडे. जुन्या नियंत्रकाची गत अशीच असते. त्याच्यातून प्रोग्रॅम उतरवून घेता येतो, पण अनेक जुन्या मालिकांत त्या प्रोग्रॅमवरील टिपणे आणि नावे प्रोसेसरमध्ये साठविलेली नसतात. ती ज्या संगणकावर प्रोग्रॅम लिहिला त्या संगणकात राहतात. तो संगणक पॅनेल बसविणाऱ्या ठेकेदाराबरोबर गेला असेल, तर हाती केवळ क्रमांक उरतात. अमुक क्रमांकाचा इनपुट आला आणि तमुक नाही आला तर मोटार बंद, एवढे कळते. तो इनपुट गव्हाणीवरील कोणत्या स्विचचा, आणि ही अट कोणी, कोणत्या अपघातानंतर घातली, हे कळत नाही. ते ठाऊक असते पाळीवरील ज्येष्ठ ऑपरेटरला, आणि तो निवृत्त होतो. १९९३ मध्ये नियंत्रकांच्या भाषांचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले, त्याने व्याकरण एकसारखे होण्यास मदत झाली. अर्थ जपण्याचे काम प्रमाणीकरणाच्या कक्षेबाहेरचे आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे काम आहे, तसेच नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या, १९८१ पासून या परिसरात असलेल्या संस्थांनाही. कारखान्यातील जुना प्रोग्रॅम उतरवून घेणे, ज्येष्ठ ऑपरेटरसमोर बसून त्याच्या प्रत्येक ओळीचा अर्थ मराठीत लिहून घेणे, तारांचे नकाशे प्रत्यक्षाशी ताडून पाहणे, हे एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पाच्या आवाक्यातील काम आहे आणि त्याला बंद हंगामातील काही आठवडे पुरतात. प्रोसेसर-बदलाच्या वेळी वाचणाऱ्या तासांपैकी बहुतेक तास याच कागदातून वाचतात, महागड्या प्रोसेसरातून नव्हे.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही, याला आणखी एक कारण आहे. गेल्या दोन दशकांत मराठवाड्यातील अनेक सहकारी कारखाने भाडेतत्त्वावर गेले किंवा थकीत कर्जापोटी विकले गेले. हस्तांतराच्या यादीत जमीन, इमारती, बॉयलर, टर्बाईन, गिरण्या येतात. नियंत्रकातील प्रोग्रॅमची प्रत, त्याचा पासवर्ड आणि टिपणांची वही त्या यादीत येतीलच असे नाही, कारण त्यांना मालमत्ता म्हणून कोणी कधी मोजलेलेच नसते. नवा चालक येतो तेव्हा जुने कामगार पांगलेले असतात. अशा कारखान्यात बंद हंगामातील पहिले काम गिरणी खोलण्याचे नसून, पॅनेलला वीज देऊन, बॅटरी बदलून, प्रोसेसरमध्ये जे काही शिल्लक असेल ते उतरवून घेण्याचे असावे. बॅटरी बदलताना वीज चालू ठेवायची असते. बंद करून बदलली, तर शिल्लक असलेलेही पुसले जाण्याचा धोका असतो.